शितावरून भाताची परीक्षा होते, मुलाची नाही



जूनमध्ये शाळा सुरू होते आणि पहिल्या पंधरा दिवसांतच आपल्याला वर्ग 'कळतो'. हुशार कोण, मध्यम कोण, मागे राहणार कोण, खोड्या काढणार कोण, हे कुणी विचारलं तर आपण न अडखळता सांगतो. घरीही तेच. "आमची मोठी अभ्यासात पुढे आहे हो, धाकट्याचं काही खरं नाही." हा धाकटा असतो दुसरीत, म्हणजे वय वर्षं सात!

या लेखातलं माझं म्हणणं एकच आहे. इतक्या लवकर आणि इतक्या थोड्या पुराव्यावर पक्कं झालेलं मत मुलाबद्दल कमी सांगतं आणि आपलं मन कसं काम करतं याबद्दल जास्त सांगतं. शिवाय हे मत नुसत्या चांगल्या हेतूने सुधारत नाही. त्यासाठी आपल्या कामाच्या काही सवयी बदलाव्या लागतात.

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. भाताच्या बाबतीत ती अगदी खरी आहे. भांड्यातली सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर, तेवढाच वेळ शिजलेली असतात. म्हणून एक शीत दाबून पाहिलं तरी चालतं. मूल मात्र सोमवारी वेगळं असतं, गुरुवारी वेगळं असतं. गणितात वेगळं, मैदानावर वेगळं. उपाशी असताना वेगळं, पोषण आहार जेवल्यावर वेगळं. तरी आपण एकच शीत दाबतो आणि सगळ्या भांड्याबद्दल बोलून मोकळे होतो.

मनाच्या पायवाटा

मानसशास्त्रात याला कॉग्निटिव्ह बायस म्हणतात. मराठीत बोधात्मक पूर्वग्रह म्हणू. 'पूर्वग्रह' म्हटलं की आपल्याला राग येतो. वाटतं, कुणीतरी आपल्याला पक्षपाती म्हणतंय. पण इथे अर्थ वेगळा आहे. रोज शेकडो निर्णय घ्यायचे तर प्रत्येक वेळी पूर्ण विचार करत बसणं मनाला परवडत नाही. मग ते पायवाटेने जातं. बहुतेक वेळा पायवाटेनेही घर गाठता येतं. पण काही ठिकाणी ती पायवाट नेहमी एकाच बाजूला चुकवते. ही ठरावीक दिशेची चूक म्हणजे बायस.

डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात यावर एक लेख लिहिला. पुढे हा विषय जगभर अभ्यासला गेला आणि 2002 मध्ये काहनेमन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की त्याआधीच, 1996 मध्ये वारले होते. त्यांच्या लेखातली एक गोष्ट आपण रोज दुकानात अनुभवतो. शर्टावर 1500 रुपये खोडून 799 लिहिलेलं असतं. शर्टाची खरी किंमत काय हे आपल्याला माहीत नसतं, पण मनात 1500 चा खुंटा ठोकला जातो आणि 799 स्वस्त वाटायला लागतात. आधी कानावर पडलेला आकडा पुढच्या अंदाजाला आपल्याकडे ओढतो.

दुकानात फसलो तर शे-दोनशे रुपये जातात. वर्गात मात्र आपल्या मनाची चूक आपल्याला काहीच महाग पडत नाही. तिची किंमत मूल मोजतं. म्हणून हा विषय शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी जास्त महत्त्वाचा आहे असं मला वाटतं.

एक गुण दिसला की दहा दिसायला लागतात

एडवर्ड थॉर्नडाइक हे नाव आपल्याला डी.एड. च्या पुस्तकातून माहीत आहे. मांजर, पिंजरा, प्रयत्न-प्रमाद. याच थॉर्नडाइकने 1920 मध्ये एक वेगळा लेख लिहिला होता. सैन्यातले अधिकारी आपल्या हाताखालच्या लोकांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा गुणांसाठी वेगवेगळे अंक द्यायचे. थॉर्नडाइकच्या लक्षात आलं की हे अंक एकमेकांशी फारच जुळतात. ज्याची शरीरयष्टी चांगली, त्याची बुद्धीही चांगली आणि चारित्र्यही चांगलं! प्रत्यक्षात माणसं अशी एकसारखी चांगली नसतात. अधिकाऱ्याच्या मनात आधी एक ठसा उमटत होता आणि तोच ठसा प्रत्येक रकान्यात उतरत होता. याला हेलो इफेक्ट, म्हणजे तेजोवलयाचा परिणाम म्हणतात.

आता आपले रकाने आठवा. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाची आठ साधनं आहेत. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. इतके रकाने कशासाठी? मूल प्रत्येक ठिकाणी वेगळं दिसेल म्हणून. पण सत्राच्या शेवटी एकाच बैठकीत सगळे रकाने भरायला बसलं की काय होतं, ते आपण सगळे जाणतो. ज्याचं अक्षर सुंदर, गणवेश स्वच्छ आणि हात पहिला वर, त्याचे आठही रकाने छान भरतात. जी मागच्या बाकावर गप्प बसते, तिचे आठही रकाने 'समाधानकारक'.

याच्या मुळाशी कधी कधी अगदी साधं कारण असतं. पहिलीच्या एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या वयात दहा-अकरा महिन्यांचं अंतर असू शकतं. सहा वर्षांच्या मुलासाठी अकरा महिने म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ सहावा हिस्सा! लहान मुलाचा हात अजून पेन्सिलीवर बसलेला नसतो. एखाद्याला फळ्यावरचं नीट दिसत नसतं. एखादीला एका कानाने कमी ऐकू येत असतं. एखाद्याच्या घरची बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी असते. यातलं काहीच बुद्धीबद्दल सांगत नाही, पण आपल्या मनात ते सगळं 'हुशारी' नावाच्या एकाच खात्यात जमा होतं.

'होय'च शोधणारं मन

एकदा मत झालं की दुसरी गंमत सुरू होते. ही तुम्ही चौथीच्या वर्गातही करून बघू शकता. फळ्यावर लिहा, 2, 4, 6. सांगा, "या संख्या माझ्या मनातल्या एका नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन संख्या सांगा, त्या बसतात की नाही ते मी सांगेन. खात्री झाली की नियम सांगा." मुलं म्हणतील 8, 10, 12. बसतात. 20, 22, 24. बसतात. मग मुलं ओरडतील, "दोनाने वाढणाऱ्या संख्या!" चूक. मनातला नियम फक्त एवढाच असतो, चढत्या क्रमाच्या कुठल्याही तीन संख्या.

इंग्लंडमधल्या पीटर वॅसन यांचा हा प्रयोग 1960 चा आहे आणि त्यात मोठ्या माणसांचीही अशीच फसगत झाली. 1, 7, 50 असं काहीतरी विचारलं असतं तर आपला नियम अपुरा आहे हे लगेच कळलं असतं. पण आपण असे प्रश्न विचारतच नाही. ज्याचं उत्तर 'होय' येईल अशी आपली खात्री असते, तेच विचारतो.

वर्गात याचं रूप असं दिसतं. 'हुशार' मुलाचं गणित चुकलं तर "घाई केली रे". 'कच्च्या' मुलाचं तेच गणित चुकलं तर "म्हटलं होतं ना". आणि कच्च्या मुलाचं बरोबर आलं तर? "कुणाचं बघितलंस?" म्हणजे चूक केली तरी पुरावा आपल्याच बाजूने आणि बरोबर केलं तरी आपल्याच बाजूने! अशा मुलाने आपलं मत बदलावं तरी कसं? त्याच्यासाठी आपण एकही दार उघडं ठेवलेलं नसतं.

नाव बघून दिलेले गुण

"आम्ही पेपर तपासताना मूल बघत नाही, उत्तर बघतो," असं आपण ठामपणे म्हणतो. रेमा हाना आणि ली लिंडन या दोन अर्थतज्ज्ञांनी भारतात हेच तपासून पाहिलं. मुलांच्या उत्तरपत्रिका घेतल्या आणि त्यांच्या पहिल्या पानावर वय, मुलगा की मुलगी आणि जात ही माहिती चिठ्ठी टाकल्यासारखी, कुठलाही संबंध न ठेवता लिहिली. मग त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. उत्तरपत्रिकेचा दर्जा आणि वरची माहिती यांचा काहीच संबंध नव्हता. तरीही ज्या पत्रिकांवर खालची मानलेली जात लिहिलेली होती, त्यांना सरासरी थोडे कमी गुण मिळाले. हा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला.

फरक लहान होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. ते शिक्षक दुष्ट होते असं या अभ्यासात कुठेही म्हटलेलं नाही. आणि लहान फरकही दरवर्षी, प्रत्येक विषयात, एकाच दिशेने पडत गेला तर दहावीपर्यंत किती साठेल, याचा विचार करा.

शिक्का खरा कसा होतो

1968 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचं 'पिग्मॅलियन इन द क्लासरूम' हे पुस्तक आलं. त्यांनी एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना काही मुलांची नावं दिली आणि सांगितलं की चाचणीनुसार ही मुलं यंदा बुद्धीने झेप घेणार आहेत. खरं तर ती नावं चाचणीवरून नाही, अशीच उचललेली होती. वर्षाअखेरीस पहिली-दुसरीतली ही मुलं इतरांपेक्षा बरीच पुढे गेलेली दिसली. वरच्या वर्गांत तसा फरक दिसला नाही.

हा प्रयोग आपल्याकडे भाषणांत फार फुगवून सांगितला जातो. त्याच्या पद्धतीवर नंतर बरीच टीका झाली आणि पुढच्या अभ्यासांत हा परिणाम बहुधा लहानच आढळला. शिक्षकाच्या नुसत्या अपेक्षेने मूल घडतं आणि नुसत्या अपेक्षेने बिघडतं, असं समजायचं कारण नाही. पण परिणाम होतो तो कुठल्या वाटेने होतो, हे मात्र आपल्या वर्गात बघता येतं. प्रश्न कुणाला विचारला जातो? उत्तरासाठी कुणापुढे थांबलं जातं आणि कुणाला दोन सेकंदांत "बस खाली" होतं? 'का?' असं कुणाला विचारतो आणि 'वाच' एवढंच कुणाला सांगतो? वर्षाचे दोनशेहून जास्त दिवस हे चाललं तर एका मुलाला कितीतरी जास्त सराव मिळतो. मग मार्चमध्ये आपण म्हणतो, "बघा, जूनमध्येच म्हणालो होतो."

आणि मुलांना हे कळत असतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जातीचा उल्लेख न करता कोडी दिली तेव्हा मुलांच्या कामगिरीत जातीनुसार खास फरक नव्हता. सगळ्यांसमोर प्रत्येकाची जात जाहीर केल्यावर मात्र दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या घसरली. मुलं तीच, कोडी तशीच. बदललं होतं ते एवढंच की आपल्याकडे कोणत्या नजरेने बघितलं जाणार, हे मुलांना कळलं होतं.

म्हणून एक विनंती. शिष्यवृत्तीचे अर्ज किंवा गणवेशाची यादी भरताना काही ठिकाणी "अमक्या प्रवर्गाची मुलं उभी राहा" असं भर वर्गात पुकारलं जातं. ही माहिती जनरल रजिस्टरमध्ये असते. ती तिथून घ्यावी. पाच मिनिटं जास्त लागतील, तेवढंच.

"मारल्यावर सुधारतो" असं का वाटतं?

पालक सभेत एक वाक्य अजून ऐकू येतं. "सर, तुम्ही दोन द्या, आमची तक्रार नाही." शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मनातून बऱ्याच जणांना वाटतं की कायदा ठीक आहे, पण धाकाचा उपयोग होतोच, आम्ही डोळ्यांनी बघितलंय. डोळ्यांनी बघितलंय हे खरं आहे. जे बघितलं त्याचा अर्थ मात्र चुकीचा लागतो.

काहनेमन इस्रायलमध्ये हवाई दलाच्या प्रशिक्षकांना शिकवत होते. शिक्षेपेक्षा शाबासकी जास्त उपयोगी पडते, असं ते सांगत होते. एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला की आमचा अनुभव उलटा आहे. उत्तम कसरत केल्यावर शाबासकी दिली की पुढची कसरत बिघडते, वाईट कसरतीवर ओरडलं की पुढची सुधारते. काहनेमन यांनी जमिनीवर खडूने एक खूण केली आणि प्रत्येकाला पाठमोरं उभं राहून तिच्या दिशेने दोन नाणी फेकायला लावली. पहिल्या फेकीत ज्याचं नाणं खुणेच्या अगदी जवळ पडलं, त्याचं दुसरं बहुधा लांब गेलं. ज्याचं पहिलं फार लांब गेलं, त्याचं दुसरं बहुधा जवळ आलं. इथे ना कुणी ओरडलं होतं, ना कुणी शाबासकी दिली होती.

आता आपली 20 गुणांची आठवडी चाचणी घ्या. समजा एका मुलाला साधारण 12 गुण मिळतात. एखाद्या आठवड्यात झोप नीट झाली नाही, न आलेलाच भाग विचारला गेला, 7 मिळाले. पुढच्या वेळी तो 7 पेक्षा वर जाण्याची शक्यता तशीही जास्त आहे, कारण त्याची खरी पातळी 12 ची आहे. मध्ये आपण त्याला रागावलो तर श्रेय रागावण्याला जातं. एखाद्या आठवड्यात 16 मिळाले, आपण कौतुक केलं, पुढच्या वेळी 13 आले. दोष कौतुकाला लागतो, "डोक्यावर चढवलं की असं होतं." फार वर किंवा फार खाली गेलेला आकडा पुढच्या वेळी सरासरीकडे सरकतो. हे गणित आहे. धाकाला त्यातून फुकटचं श्रेय मिळत राहतं आणि शाबासकीची उगाच बदनामी होत राहते.

हाच नियम आपल्या उपक्रमांनाही लागू आहे बरं का. पायाभूत चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली मुलं निवडून आपण जादा तास घेतले, तर पुढच्या चाचणीत दिसणाऱ्या वाढीतला काही भाग असाच आपोआप आलेला असतो. शिकवणी लावणाऱ्या पालकांनीही हे ध्यानात ठेवावं. एका चाचणीवरून कुठल्याच उपायाला हार घालू नये. निदान तीन-चार चाचण्या बघाव्यात.

पालकांसाठी: फ्लेक्सवरचे फोटो

गावाच्या चौकात क्लासचा फ्लेक्स लागतो. नवोदयला निवड झालेल्या पंधरा मुलांचे फोटो. बघितल्यावर वाटतं, इथे घातलं की काम झालं. पण फ्लेक्सवर न आलेली मुलं किती होती? पंधरा मुलं वीसमधली की तीनशेमधली? आणि त्यातली किती क्लास न लावताही लागली असती? एका नवोदय विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त 80 मुलं घेतात आणि परीक्षेला बसतात ती जिल्हाभरातली मुलं. म्हणजे बहुसंख्य मुलांची निवड होणारच नसते, क्लास कितीही चांगला असला तरी. डोळ्यांसमोर फक्त यशस्वी मुलं येतात, म्हणून मन त्यांच्यावरूनच हिशोब करतं. हीसुद्धा शितावरूनच परीक्षा, आणि शीतही दुसऱ्याने निवडून दाखवलेलं!

फी भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा, "कितीपैकी किती?" उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून घ्या. आणि घरी येऊन "त्या पंधरांत तू का नाहीस?" असं मुलाला विचारू नका.

मग अनुभवाला काही किंमतच नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. वीस वर्षं शिकवलेल्या बाईंना वहीवर नजर टाकताच कळतं की मूल कुठे अडलंय. 52 वजा 27 चं उत्तर 35 आलं की त्या म्हणतील, "हा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय." आणि त्या बरोबर असतात.

काहनेमन आणि गॅरी क्लाइन यांनी 2009 मध्ये याच प्रश्नावर मिळून लेख लिहिला. दोघांची मतं आधी वेगळी होती. काहनेमन यांचा अंतर्ज्ञानावर विश्वास कमी. क्लाइन यांनी आगीशी झुंजणाऱ्या जवानांचा अभ्यास केलेला, त्यांचा विश्वास जास्त. दोघांचं एकमत कशावर झालं? जिथे गोष्टी काही नियमाने घडतात आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे लवकर व स्पष्टपणे कळतं, तिथे अनुभवातून आलेल्या अंदाजावर विसंबता येतं. नाही तर नाही.

वजाबाकीतली चूक ओळखणं पहिल्या प्रकारात बसतं. आपण सांगतो, मूल पुन्हा सोडवतं, अंदाज खरा होता की नाही ते दोन मिनिटांत कळतं. असं हजार वेळा झालेलं असतं. पण "हा पुढे काही करणार नाही" या वाक्याचं काय? ते खरं ठरलं की खोटं, हे कळायला पंधरा वर्षं लागतात, आणि तोवर आपली बदली झालेली असते. ज्या अंदाजाची तपासणी कधीच झाली नाही, त्याला अनुभव म्हणता येणार नाही. म्हणून माझं मत असं आहे की शिक्षकाने चुकीचं निदान आत्मविश्वासाने करावं, भविष्य सांगणं मात्र सोडून द्यावं.

पट्टी लावून मोजा

"आता कळलं ना सगळं, यापुढे काळजी घेऊ," असं म्हणून भागेल का? दुर्दैवाने नाही. फळ्यावर सारख्या लांबीच्या दोन आडव्या रेषा काढा. एकीच्या दोन्ही टोकांना बाहेर उघडणारी शेपटं काढा आणि दुसरीच्या टोकांना आत वळलेली, बाणासारखी. पहिली रेष लांब दिसते. म्यूलर-लायर यांनी 1889 मध्ये दाखवलेला हा भ्रम. आता पट्टी लावून मोजा. सारख्या आहेत. पट्टी काढून पुन्हा बघा. अजूनही पहिलीच लांब दिसते! खरं काय ते माहीत असूनही डोळा ऐकत नाही. मनाचंही तसंच. शिवाय दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे आपण जाणतोच. एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये हेच मांडलं की बहुतेकांना आपण इतरांपेक्षा कमी पूर्वग्रही आहोत असं वाटतं.

म्हणून भर पट्टीवर द्यायला हवा. काही साध्या पट्ट्या सुचवतो.

1. उत्तरपत्रिका मुलानुसार न तपासता प्रश्नानुसार तपासा. सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. पहिल्या उत्तराचा ठसा पुढच्या उत्तरावर पडत नाही. काहनेमन यांनी स्वतः प्राध्यापक असताना ही पद्धत घेतली आणि तिचा उपयोग झाल्याचं लिहून ठेवलं आहे. नाव मागच्या पानावर लिहायला सांगा. अक्षरावरून मूल ओळखू येत असेल तर संकलित मूल्यमापनाच्या काही पत्रिका केंद्रातल्या दुसऱ्या शाळेशी अदलाबदल करून तपासून घ्या.

2. नोंदीत विशेषण लिहू नका, पाहिलेलं लिहा. 'गणितात कच्चा' याऐवजी 'हातच्याच्या 5 बेरजांपैकी 2 बरोबर, हातचा मिळवायचा विसरतो' आणि पुढे तारीख. अशा नोंदीवरून उद्या काय शिकवायचं ते कळतं. 'कच्चा' या शब्दावरून काहीच कळत नाही.

3. मुलांची नावं आइस्क्रीमच्या काड्यांवर लिहून डब्यात ठेवा. काडी निघेल त्याला प्रश्न. मग मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबा, सगळ्यांसाठी सारखंच.

4. ज्या मुलाबद्दल तुमचं मत सगळ्यात पक्कं आहे, त्याच्याबद्दल दर शनिवारी एक उलटा पुरावा शोधा. 'कच्च्या' मुलाला काय येतं आणि 'हुशार' मुलाला काय येत नाही? दुसऱ्या प्रश्नाचा फायदा हुशार मुलांनाही होतो. त्यांच्या कच्च्या जागा तेजोवलयामागे वर्षानुवर्षं झाकलेल्या असतात.

5. वर्ग दुसऱ्या शिक्षकाच्या हाती देताना वस्तुस्थिती द्या, बिरुदं नकोत. चष्मा आहे, कानाचा त्रास आहे, फिट येते, घरी आजी सांभाळते, भागाकारापर्यंत आलाय. हे सगळं सांगायलाच हवं. "याच्या नादी लागू नका" हे सांगू नये.

"बाई, एका खोलीत दोन वर्ग, वर ऑनलाइन माहिती, पोषण आहाराचा हिशोब. वेळ कुठे आहे?" मान्य आहे. पण मन पायवाटेने जातं ते नेमकं थकलेलं आणि घाईत असतानाच. म्हणजे ज्या शाळेत कामाचा भार जास्त, तिथे पट्टीची गरजही जास्त. प्रश्नानुसार तपासायला फारसा जास्त वेळ लागत नाही. काड्या एकदाच बनवायच्या असतात. आणि पाच ओळींच्या गुळगुळीत वर्णनात्मक नोंदीपेक्षा एका ओळीची खरी नोंद लवकर लिहून होते.

पालकहो, तुमच्यासाठीही एक पट्टी आहे. पालक सभेत "आमचा मुलगा हुशार आहे का?" असं विचारू नका. या प्रश्नावर शिक्षकाला शिक्काच मारावा लागतो. त्याऐवजी विचारा, "त्याला काय येतं? काय अजून येत नाही? घरी आम्ही काय करू?" आणि घरात "आमच्या घराण्यातच गणित नाही" हे वाक्य मुलासमोर बोलू नका. मुलं मोठ्यांचं ऐकत नाहीत अशी आपली तक्रार असते, पण हे वाक्य ती नेमकं ऐकतात.

येत्या सोमवारी शिक्षकांनी वर्गातलं एक मूल निवडावं, ज्याच्याबद्दल काही नवीन कळण्यासारखं उरलेलं नाही असं वाटतं. आठवडाभरात त्याच्याबद्दल प्रत्यक्ष पाहिलेल्या तीन गोष्टी तारखेसह लिहाव्यात. विशेषण एकही नको. पालकांनी हेच घरच्या मुलासाठी करावं. मग शनिवारी कागद समोर ठेवून बघावं, आपलं आधीचं मत त्या तीन ओळींत बसतंय का.